निकालानंतरची बैठक: सही करण्याआधी माथा वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पक्षाला बहुमत मिळालं, मुख्यमंत्री कोण होणार ते श्रेष्ठी ठरवतात, मग विधिमंडळ पक्षाची, म्हणजे पक्षाच्या निवडून आलेल्या आमदारांची, बैठक घेऊन गटनेता, म्हणजे त्यांचा सभागृहातला नेता, निवडणं हा नुसता सोपस्कार नाही का? आणि पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदाराला तिथे टाळ्या वाजवण्यापलीकडे काही काम असतं का?

मी वीसेक वर्षं एका पक्षाच्या विधिमंडळ कार्यालयात काम केलं. बैठकीचं पत्र काढायचं, आमदारांना फोन लावायचे, दाराशी हजेरीपट घेऊन बसायचं, ठराव टाइप करून घ्यायचा आणि राजभवनावर न्यायची फाइल तयार ठेवायची, हे माझं काम. त्या टेबलामागून जे दिसलं त्यावरून सांगतो: नाव आधी ठरलेलं असलं तरी बैठक सोपस्कार नसते. त्या दिवशी ज्या कागदांवर सह्या होतात, त्यांवर पुढे सरकारं उभी राहतात आणि कोसळतात. हे मी महाराष्ट्रात घडलेल्या गोष्टींवरूनच म्हणतो आहे.

आधी नाव ठरण्याबद्दल. २३ नोव्हेंबर २०२४ ला आपल्या विधानसभेचा निकाल लागला. भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला, शिवसेनेनं एकनाथ शिंदे यांची आणि राष्ट्रवादीनं अजित पवारांची गटनेतेपदी निवड करून टाकली. सर्वांत मोठ्या पक्षाची बैठक मात्र ४ डिसेंबरला झाली. निर्मला सीतारामन आणि विजय रुपाणी हे पक्षश्रेष्ठींचे निरीक्षक म्हणून आले, विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात देवेंद्र फडणवीसांचं नाव एकमतानं मंजूर झालं, त्याच दुपारी तिन्ही नेते राजभवनावर गेले आणि दुसऱ्या दिवशी आझाद मैदानावर शपथ झाली. अकरा दिवस बैठक का झाली नाही, असं तेव्हा मला गावाकडून अनेकांनी विचारलं. युतीच्या राजकारणात मोठ्या पक्षाची बैठक बोलणी पुरी झाल्यावरच लागते. बैठक लागली म्हणजे बाकीचं जुळलं असं समजायचं. आम्हाला कार्यालयात ‘उद्या अकराला बैठक, पत्रं काढा’ असा निरोप आला की फेटेवाल्याला फोन करायला हरकत नसायची.

त्याच दिवसांत आणखी एक गैरसमज फार पसरला होता. जुन्या विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, तोवर नवं सरकार आलं नाही तर राष्ट्रपती राजवट आपोआप लागते, असं लोक छातीठोकपणे सांगत होते. तसं काही नसतं. निवडणूक आयोगाची निवडून आलेल्या सदस्यांची अधिसूचना निघाली की नवी विधानसभा गठित झाली असं कायदा मानतो. शिंदे यांनी २६ तारखेला राजीनामा दिला आणि पुढची व्यवस्था होईपर्यंत काळजीवाहू म्हणून काम पाहिलं. राजवट लागली नाही. २०१९ ला १२ नोव्हेंबरला ती लागली, कारण बहुमताची यादी घेऊन कुणीच राजभवनावर जाऊ शकलं नव्हतं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. राज्यघटनेचा अनुच्छेद १६४ एवढंच म्हणतो की मुख्यमंत्र्यांची नियुक्ती राज्यपाल करतील. पक्षानं बैठक घ्यावी, सूचक-अनुमोदक असावेत, असं त्यात काही नाही. मग राज्यपालांनी कुणाला बोलवायचं ते कशावरून ठरवायचं? विधिमंडळ पक्षाच्या ठरावावरून, आमदारांच्या सह्यांच्या यादीवरून आणि मित्रपक्षांच्या पाठिंब्याच्या पत्रांवरून. हे तीन कागद वेळेत झाले नाहीत तर जिंकलेली निवडणूक हातातून जाते. आपल्या शेजारी गोव्यात २०१७ ला तेच झालं. चाळीस जागांपैकी काँग्रेसला १७ आणि भाजपला १३. निकाल ११ मार्चला आला. नेता कोण यावर काँग्रेसमध्ये खल चालू असताना मनोहर पर्रीकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतकचे ३, गोवा फॉरवर्डचे ३ आणि अपक्ष २ अशी बेरीज करून २१ चा आकडा राज्यपालांपुढे ठेवला. काँग्रेसचे विधिमंडळ नेते चंद्रकांत कवळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे न्यायमूर्तींनी विचारलं की तुमच्याकडे संख्या होती तर पाठिंब्याचे कागद कुठे आहेत? अर्जाला ते जोडलेलेच नव्हते. पर्रीकरांची शपथ १४ मार्चला झाली आणि १६ तारखेला २२ विरुद्ध १६ मतांनी त्यांनी विश्वासमत जिंकलं. सर्वांत मोठा पक्ष पाच वर्षं विरोधी बाकांवर बसला. आमच्या कार्यालयात नवीन मुलगा आला की मी त्याला ही हकिगत पहिल्याच आठवड्यात सांगत असे. बैठक लवकर घ्या, नेता निवडा, सह्या घ्या. मानापमान त्यानंतर पाहता येतात.

सह्यांचं दुसरं टोकही आपणच पाहिलं. ३० ऑक्टोबर २०१९ ला राष्ट्रवादीच्या आमदारांनी अजित पवारांना गटनेता निवडलं. २३ नोव्हेंबरला सकाळी महाराष्ट्र उठतो तो फडणवीस मुख्यमंत्री आणि अजित पवार उपमुख्यमंत्री झालेले. राज्यपालांकडे राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांचं पत्र गेलं होतं. पक्षाचे नेते सांगत होते की त्या सह्या पक्षाच्या अंतर्गत कामासाठी, हजेरीसाठी घेतलेल्या होत्या, भाजपला पाठिंबा द्यायला नव्हे. सर्वोच्च न्यायालयातही राष्ट्रवादीच्या बाजूचे वकील अभिषेक मनू सिंघवी यांनी हेच मांडलं: सह्या आहेत, पण त्या कशासाठी केल्या हे सांगणारं पत्र वर कुठे आहे? २३ तारखेच्या संध्याकाळीच पक्षानं अजित पवारांना गटनेतेपदावरून काढून ते अधिकार जयंत पाटलांकडे दिले, आणि मग खरा गटनेता कोण याचाच वाद उभा राहिला. २६ तारखेला न्यायालयानं दुसऱ्या दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि त्याच दिवशी सरकारनं राजीनामा दिला. गटनेता निवडीच्या बैठकीतला साधा सह्यांचा कागद काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून हजेरीपटाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. हजेरीपट म्हणजे फुलस्केप कागदावर आखलेले रकाने: अनुक्रमांक, मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव, आमदाराचं नाव, सही. पहिल्या पानावर वर मजकूर असतो: अमुक पक्षाच्या विधिमंडळ सदस्यांची बैठक, दिनांक, वेळ, स्थळ, विषय. गडबड होते ती दुसऱ्या पानापासून. टाइप करणारा माथ्याचा मजकूर पहिल्याच पानावर घेतो आणि पुढच्या पानांवर नुसते रकाने येतात. अशी सुटी पानं कुठल्याही पत्राला मागून टाचता येतात. दुसरी गडबड म्हणजे ‘दोन कागद जादा ठेवा, लागले तर असावेत’ असं कुणीतरी वरून सांगतं आणि आमदारांच्या कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात.

मी स्वतः एकदा असे कोरे कागद टेबलावर ठेवले होते. सुरुवातीची वर्षं होती, सांगितलं ते केलं. एक बाई पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या, आधी शिक्षिका होत्या. रात्रभर प्रवास करून आलेल्या, हातात पिशवी, मागे गर्दी. त्यांनी पहिल्या कागदावर सही केली. दुसरा कागद पुढे सरकवल्यावर पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘‘भाऊ, यावर काहीच लिहिलेलं नाही. हा कशाचा आहे?’’ मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले. ‘‘ताई, करा हो, सगळेच करतात,’’ असं एक ज्येष्ठ आमदार म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही, कारण तो कशाचा आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी सही केली नाही. त्या सभागृहात त्या दिवशी कायदा कळलेली ती एकच व्यक्ती होती असं मला आजही वाटतं. पुढच्या बैठकीपासून मी प्रत्येक पानावर माथा छापून घ्यायला लागलो, ‘पृष्ठ ४ पैकी १’ असं खाली टाकायला लागलो आणि शेवटच्या सहीखाली तिरकी रेघ मारून वेळ लिहायला लागलो. कोरे कागद परत कधी ठेवले नाहीत. त्यावरून बोलणी खाल्ली, पण ठेवले नाहीत.

तर नव्या आमदारानं पहिली गोष्ट ही करावी. सही करण्याआधी त्या पानाचा माथा वाचावा. कोऱ्या कागदावर सही करू नये, मग सांगणारा कितीही मोठा असो. जिथे सही केली त्याचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये घ्यावा. मोबाइल बाहेर ठेवायला सांगितला असेल तर कशावर, कधी सही केली ते बाहेर आल्यावर लगेच डायरीत लिहावं.

दुसरा कागद ठरावाचा. ठराव दोन तऱ्हेचे असतात आणि त्यांतला फरक आमदारांना क्वचितच कुणी समजावून सांगतं. एकात लिहिलेलं असतं, ‘ही बैठक श्री. अमुक यांची विधिमंडळ पक्षाचे नेते म्हणून एकमताने निवड करीत आहे.’ दुसरा एका ओळीचा असतो: नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षाध्यक्षांना देण्यात येत आहेत. काँग्रेसमध्ये हा एका ओळीचा ठराव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. पहिल्या ठरावात निदान कागदोपत्री निवड आमदार करतात. दुसऱ्यात ते आपला निवडीचा हक्क सोपवून मोकळे होतात. सोपवायला हरकत नाही, पण आपण सोपवतोय हे माहीत असावं.

एका ओळीच्या ठरावाबरोबर मत विचारायची रीत नीट पाळली, तर त्यालाही वजन येतं. कर्नाटकात मे २०२३ मध्ये काँग्रेसला १३५ जागा मिळाल्या. सिद्धरामय्या आणि डी. के. शिवकुमार असे दोन तुल्यबळ दावेदार. १४ मेच्या बेंगळुरूच्या बैठकीत आपले सुशीलकुमार शिंदे, जितेंद्र सिंह आणि दीपक बाबरिया हे निरीक्षक होते. पक्षाध्यक्ष खर्गे यांना अधिकार देणारा ठराव झाला, पण त्याबरोबर प्रत्येक आमदाराचं मत स्वतंत्रपणे आणि गुप्तपणे घेतलं गेलं. निर्णय यायला १८ मे उजाडली आणि २० तारखेला शपथ झाली. निर्णय दिल्लीतच झाला, हे खरं. तरी तो घेताना आमदारांचा कल कुणाकडे किती, हे लिहिलेलं समोर होतं. मला ही पद्धत मनापासून पटते. निरीक्षकानं बंद खोलीत एकेकाला दोन मिनिटं द्यावीत, दाराबाहेर दावेदारांची माणसं उभी नसावीत.

त्या दोन मिनिटांत काय बोलायचं? बहुतेक नवे आमदार ‘पक्ष ठरवेल ते मान्य’ एवढं म्हणून बाहेर येतात. मला याचं फार वाईट वाटतं. तीन-साडेतीन लाख मतदारांचा तुम्ही आवाज आहात आणि तुमच्या पक्षानं तुम्हाला मत विचारायची पाच वर्षांतली ही बहुधा एकमेव वेळ आहे. नाव घ्या, कारण सांगा, आपल्या जिल्ह्याचा एक प्रश्न सांगा, आणि ‘यानंतर पक्ष जे ठरवेल त्याच्या मागे मी उभा आहे’ हे शेवटी म्हणा. मंत्रिपदाचा विषय मात्र तिथे काढू नका. आपल्याकडे २८८ सदस्यांच्या १५ टक्के म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्री, त्यापुढे घटना जाऊ देत नाही. ५ डिसेंबर २०२४ ला तिघांची आणि १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांची शपथ झाली, म्हणजे ४२. सव्वादोनशेच्या वर सत्ताधारी आमदार आणि जागा एवढ्याच. निरीक्षकाच्या हातात त्या नसतात.

पुढची गोष्ट सूचकाची. नाव कोण सुचवणार हे फार विचार करून ठरवतात, कारण ज्याला पद मिळालं नाही त्याच्याच तोंडून नाव आलं की नाराजीला तोंड उरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जयपूरला राजस्थान भाजपच्या बैठकीत राजनाथ सिंह, आपले विनोद तावडे आणि सरोज पांडे निरीक्षक होते. वसुंधरा राजे दोनदा मुख्यमंत्री राहिलेल्या. श्रेष्ठींनी ठरवलेल्या नावाची चिठ्ठी त्यांच्या हाती आली, त्यांनी ती उघडली आणि भजनलाल शर्मा हे नाव सुचवलं. शर्मा पहिल्यांदाच आमदार झालेले, बैठकीआधीच्या फोटोत मागच्या रांगेत उभे. पक्षशिस्त म्हणून याचं कौतुक करणारे आहेत. मला मात्र असं वाटतं की ज्या आमदारांनी हात वर केले, त्यांच्यापैकी किती जणांना त्या माणसाचं काम माहीत होतं, हा प्रश्न त्या खोलीत कुणीतरी विचारायला हवा होता.

आता कायद्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी २०२२ नंतर प्रत्येक आमदाराला पाठ असायला हवी. शिवसेनेनं ३१ ऑक्टोबर २०१९ ला एकनाथ शिंदे यांना गटनेता केलं होतं. २१ जून २०२२ ला पक्षानं त्यांना काढून अजय चौधरींना नेमलं, तर शिंदे गटानं आपल्या आमदारांच्या ठरावानं शिंदेंनाच नेता आणि भरत गोगावलेंना प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश काढणारा, ठरवलं. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षांनी शिंदे आणि गोगावलेंना मान्यता दिली. हे प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेलं. ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. हा अधिकार नुसत्या आमदारांच्या गटाला दिला तर सदस्याची मूळ पक्षाशी असलेली नाळ तुटेल, असा न्यायालयाचा विचार होता. गोगावलेंना दिलेली मान्यता न्यायालयानं बेकायदा ठरवली.

याचा बैठकीशी थेट संबंध आहे. पूर्वी आम्ही इतिवृत्तात ‘बैठकीने निवड केली’ एवढंच लिहून थांबायचो. त्या निकालानंतर माझा आग्रह असा की पक्षाध्यक्षांच्या किंवा प्रदेशाध्यक्षांच्या सहीचं नियुक्तिपत्र ठरावाला जोडलेलंच असावं, आणि पक्षाच्या घटनेतल्या कुठल्या कलमान्वये कुणाला नियुक्तीचा अधिकार आहे तेही त्यात लिहावं. नुसता आमदारांचा ठराव कोर्टात अपुरा पडतो, नुसतं पक्षाचं पत्र राज्यपालांकडे अपुरं पडतं. दोन्ही हवेत.

त्यानंतर अध्यक्षांकडे जायचे कागद. १९८६ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या पक्षांतरविषयक नियमांप्रमाणे गट तयार झाल्यापासून ३० दिवसांत गटनेत्यानं सदस्यांची यादी, अध्यक्षांशी पत्रव्यवहार कोण करणार त्यांची नावं आणि पक्षाच्या घटनेची प्रत अध्यक्षांना द्यायची असते. विजयाच्या धामधुमीत हे काम मागे पडतं. हार-तुरे, सत्कार, मतदारसंघातल्या मिरवणुका, आणि ३० दिवस कधी सरतात कळत नाही. घटनेची प्रत तर अनेकदा कपाटातली जुनीच झेरॉक्स करून जोडतात. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अपात्रतेचा निर्णय देताना शिवसेनेची १९९९ ची घटना ग्राह्य धरली, कारण २०१८ ची दुरुस्ती निवडणूक आयोगाच्या नोंदीत नव्हती, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या निर्णयावर मतं वेगवेगळी असतील. कार्यालयात बसणाऱ्या माणसानं त्यातून घ्यायचं ते एकच: पक्षाची कुठली घटना कुठे दाखल आहे, याची पोच फाइलला हवी.

शपथेबद्दल दोन शब्द, कारण पहिल्यांदा आलेले हमखास गोंधळतात. गटनेता निवडीच्या वेळी तुम्ही सभागृहात शपथ घेतलेली नसते, ती नंतर हंगामी अध्यक्षांपुढे होते. २०२४ ला कालिदास कोळंबकर हंगामी अध्यक्ष होते आणि ७ डिसेंबरपासून शपथविधी झाला. तोवर सभागृहात बसता येत नाही, मतही देता येत नाही. पण आमदार म्हणून तुम्ही निवडून आलेले आहात आणि राज्यपालांकडे जाणाऱ्या यादीतली तुमची सही पूर्ण धरली जाते. ‘अजून शपथ झाली नाही, सहीला काय अर्थ,’ असं समजून बेफिकीर राहू नका.

व्हिप म्हणजे प्रतोदानं काढलेला पक्षाचा आदेश, त्याबाबतही बेफिकिरी तीच. त्या बैठकीत प्रतोदाचं नाव शेवटच्या पाच मिनिटांत जाहीर होतं, तोवर निम्मे लोक जेवायला उठलेले असतात. पुढे ज्याचा आदेश मोडला तर आमदारकी जाऊ शकते, तो हा माणूस. आदेश मोडल्यावर पक्षानं १५ दिवसांत माफ केलं तरच सुटका असते. त्याचं नाव, नंबर आणि नियुक्तिपत्र पाहूनच खोलीबाहेर पडा.

पराभूत उमेदवारांना या बैठकीच्या दिवशी कुणी बोलवत नाही. मला वाटतं त्यांना त्याच आठवड्यात वेगळं बोलवावं आणि गटनेत्यानं स्वतः समोर बसावं. दोन-तीन हजारांनी पडलेला माणूस पाच वर्षं तालुका सांभाळणार असतो.

शेवटी, बैठकीला जाताना तुमच्या स्वीय सहायकाकडे एवढं द्या: निवडून आल्याच्या प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स, ओळखपत्र, दोन पेन आणि एक कोरी वही. मुंबईत आदल्या रात्रीच पोहोचा. दाराशी हजेरीपट घेऊन बसलेला जो कोणी असेल त्याच्याशी दोन शब्द बोला, आणि तुमची सही झाली की तुमच्यादेखत त्या रकान्यापुढे वेळ लिहायला सांगा. तो नाही म्हणणार नाही.